परसबागेचा हिशेब

धार आणि देवास येथील जुन्या मराठी घरांत बसले, की बोलण्याच्या ओघात एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘पूर्वी आमच्याकडे परस होते.’ ह्या वाक्यात थोडे दुःख असते, थोडा अभिमान असतो, आणि परस गेले ते जागा गेली म्हणून, अशी एक समजूतही असते. वाडे पडले, भावाभावांत वाटण्या झाल्या, मागच्या अंगणात खोल्या उठल्या किंवा फरशी बसली. मग परस राहणार कोठे? आम्हांला ही मीमांसा अपुरी वाटते. जागा गेली हे खरे; पण जागेच्या आधी एक सवय गेली. घरातून जे बाहेर टाकावयाचे, त्यातले मातीला पचेल ते दारामागच्या मातीला द्यावयाचे, ही ती सवय होय. ती परत येणार असेल, तर चार कुंड्यांतही परस उभे राहील. ती येणार नसेल, तर बिघाभर जमीन मिळूनही तेथे केवळ शोभेची बाग होईल, आणि तिच्यासाठी नळाचे पाणी वाया जाईल ते वेगळेच.

आम्ही कोंकणी बोलणाऱ्या घरांतले. आमच्याकडे ह्या जागेला ‘पोरसूं’ म्हणतात. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. विहिरी भरलेल्या असतात. असे असूनही तेथील जुन्या घरांतून मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळी लावण्याची रीत होती. तांदळाचे धुवण, भाजी धुतलेले पाणी, भांडी विसळलेले पाणी, सारे त्या चरातून झाडांच्या मुळांशी जाई. चुलीतली राख आणि भाजीची साले तेथेच पडत. ही रीत टंचाईतून आलेली नव्हती. घर नीट चालविण्याचाच तो एक भाग होता. मालव्यात पाऊस गोव्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. जी शिस्त मुबलक पाण्याच्या मुलखातही पाळली गेली, ती येथे तर अधिक काटेकोरपणे पाळावयास हवी, हे उघड आहे.

परसबागेविरुद्धचा सर्वांत जड आक्षेप ह्या पाण्याचाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मालव्याच्या भूमीत पावलोपावली अन्न आणि पाणी मिळते, अशी लोकोक्ती येथे पिढ्यान् पिढ्या चालत आली. धार तर साडेबारा तलावांचे गाव म्हणून ओळखले जाते. त्यांतील मुंज तलाव परमार राजा मुंज ह्याचे नाव सांगतो. त्याच मालव्यात १९९० च्या उन्हाळ्यात देवासची तहान भागविण्यासाठी इंदूरहून रेल्वेगाडीने पाणी आणावे लागले. गाव वाढले, कारखाने आले, कूपनलिका खोल खोल गेल्या, आणि जमिनीखालचे पाणी हात देईना. २०१४ साली नर्मदेचे पाणी विजेच्या पंपांनी वर उचलून क्षिप्रेच्या उगमाजवळ आणून सोडण्यात आले. म्हणजे एका नदीला दुसऱ्या नदीचे पाणी पाजावे लागले. अशा मुलखात ‘घरोघरी बाग करा’ असे सांगणे शहाणपणाचे नव्हे, असे कोणी म्हटले, तर त्याला अविचारी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तथापि ह्या आक्षेपाचे उत्तर वादाने देण्यापेक्षा हिशेबाने द्यावे. विद्यार्थिमित्रहो, हा हिशेब सातवीच्या मुलालाही करता येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले, तर ते बरोबर एक लिटर भरते. थंडीच्या दिवसांत पालेभाजीच्या वाफ्याला दिवसाकाठी सुमारे चार मिलिमीटर पाणी धरले, तर एक चौरस मीटरच्या वाफ्याला रोज चार लिटर लागतील. आता स्वयंपाकघरात एक बादली ठेवा, आणि तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी दिवसभर तीत साठवून मोजा. ती दहा लिटर भरली, तर महिन्याचे तीनशे लिटर झाले. आणि त्यावर दोन चौरस मीटरचे वाफे, नळाचा एक थेंबही न घेता, सुखाने जगतील. तुमच्या घरी पाचच लिटर भरले, तर तुमची बाग एका वाफ्याची. बागेचा आकार जागेवरून ठरवू नये, हौसेवरून तर मुळीच ठरवू नये. तो त्या बादलीवरून ठरवावा. परसबाग घर जेवढे पाणी परत देईल तेवढीच असावी, हेच आमच्या सांगण्याचे सार आहे.

पावसाच्या पाण्याचाही असाच हिशेब आहे. वीस चौरस मीटरच्या छपरावर वर्षात नऊशे मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे अठरा हजार लिटर होतात. सारे साठविता येणार नाही. पण एखादे पिंप भरून ठेवता येते आणि उरलेले विहिरीकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळविता येते. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी २००६ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केले. कूपनलिकांचा नाद सोडून त्यांनी स्वतःच्या शेताचा एक तुकडा तळ्याला दिला. अशी हजारो तळी त्या जिल्ह्यात झाली, आणि ज्या शेतांत एक पीक कष्टाने येई तेथे दुसरे येऊ लागले. शेतकरी आपल्या शेतात जे करतो, ते गावातल्या माणसाने आपल्या छपराखाली करू नये, असे थोडेच आहे?

सांडपाण्याबाबत एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. कपड्यांच्या साबणाचे किंवा धुण्याच्या पावडरीचे पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नये. त्यातील सोडियमचे क्षार काळ्या मातीचे कण विस्कटून टाकतात. माती घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. धान्य व भाजी धुतलेले पाणी निर्धास्तपणे द्यावे. साबणाचे पाणी वेगळे जाऊ द्यावे.

पाण्याची गोष्ट झाली, आता मातीची. मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवते हा तिचा गुण; ती पावसात फुगते व चिकटते आणि उन्हाळ्यात तडकते, हा तिचा स्वभाव. तिला भुसभुशीत करणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे कुजलेले खत. आणि ह्या बाबतीत मालव्याने साऱ्या जगाला एक धडा दिलेला आहे, ही गोष्ट येथल्या मुलांना क्वचितच सांगितली जाते. धारहून देवासला जाताना वाटेत इंदूर लागते. तेथील वनस्पती-उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ संचालक होते. त्यांनी आपल्या देशातील शेतकऱ्यांची आणि चीनमधील खत करण्याची जुनी रीत अभ्यासून काडीकचरा, शेण, मूत मुरलेली माती व राख ह्यांचे थर देऊन, ते ठराविक काळाने उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. तिचे नाव जगभर ‘इंदूर पद्धत’ असेच झाले. १९३१ साली ह्या विषयावर जो ग्रंथ निघाला, त्यावर हॉवर्ड ह्यांच्या जोडीने यशवंत वाड ह्यांचे नाव आहे. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेल्या महात्मा गांधींनीही ही संस्था पाहिली होती. परदेशांतील बागाईतदार ज्या गावाच्या नावाने खत करतात, त्याच्या शेजारच्या गावांत भाजीची साले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर ठेवली जावीत, ह्याला काय म्हणावे?

घरगुती प्रमाणावर ही पद्धत अवघड नाही. तळाला भोके पाडलेले जुने मडके किंवा डबा घ्यावा. तळाशी काटक्या, त्यावर वाळका पाला, मग दिवसाची साले व देठे, त्यावर मूठभर माती, पुन्हा वाळका पाला, असे थर द्यावेत. वाळका पाला ओल्या कचऱ्याहून अधिक असावा. शिजलेले व तेलकट अन्न घालू नये. आठवड्यातून एकदा हलवावे. घाण वास येऊ लागला, तर ओल जास्त झाली असे समजून आणखी वाळका पाला घालावा. लहान मडक्यात मोठ्या ढिगाएवढी ऊब धरत नाही, म्हणून वेळ थोडा अधिक लागतो. पण तीन-चार महिन्यांनी मडक्यातून जे निघते, त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास असतो. ज्या मुलाने हे एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला ‘सेंद्रिय पदार्थांचे विघटन’ हा धडा पाठ करावा लागत नाही.

आता काय लावावे आणि केव्हा, हे पाहू. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना देवासला येऊन राहिले, ते येथील कोरड्या हवेसाठी. पुढे त्यांनी मालव्याची लोकगीते गोळा केली, आणि ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’ अशा ऋतूंवरच्या मैफली बांधल्या. ऋतू ओळखून गावे, तसे ऋतू ओळखूनच पेरावे. जी कोरडी हवा माणसाच्या छातीला हितकर ठरली, तीच चैत्र-वैशाखात कोवळ्या रोपाचा जीव घेते. म्हणून नवशिक्याने उन्हाळ्यात आरंभ करूच नये.

आषाढात दोडका, घोसाळे, कारले, दुधी भोपळा ह्यांचे वेल मांडवावर किंवा कुंपणावर चढवावेत. भेंडी व गवार लावावी. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून पावसाळ्यात वाफे वीतभर उंच करावेत. मालव्यातील परसबागेचा खरा हंगाम कार्तिकापासून माघापर्यंतचा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत खुडणीला येते. अधीर मुलांनी तिच्यापासून सुरुवात करावी. कोथिंबिरीचे धणे हलके रगडून दोन फाका करून पेरावेत आणि आठ ते पंधरा दिवस धीर धरावा. पालक, मुळा, वाटाणा, लसूण, टोमॅटो, सारे ह्या दिवसांत साधते. वाटाण्याचा वेल काढताना मुळावरच्या गाठी अवश्य पाहाव्यात; हवेतील नायट्रोजन मातीत आणणारे जीवाणू तेथे नांदतात. पौषात एखाद्या रात्री दंव गोठून, मालव्यात ज्याला ‘पाला’ म्हणतात, तो पडतो. त्या रात्री टोमॅटोच्या रोपांवर जुने कापड घालावे. उन्हाळ्यात थोडा पुदिना, थोडा माठ, एवढ्यावर समाधान मानावे, आणि माती वाळक्या पाल्याने झाकून ठेवावी. झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे भाजलेले मडके पाण्याने भरून ठेवले, तर ते पाझरत पाझरत मुळांना ओल देते. चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही युक्ती लिहिलेली आहे; आजही तिच्याइतकी स्वस्त युक्ती दुसरी नाही.

भाजीच्या जोडीला औषधी व सुगंधी झाडे असावीत : तुळस, गवती चहा, पानाचा ओवा, आले, कढीलिंब. आपल्याकडे स्वयंपाकघर आणि औषधाचा बटवा ह्यांच्यात फार मोठी भिंत कधीच नव्हती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मांडूच्या सुलतानासाठी तयार झालेल्या ‘निमतनामा’ ह्या सचित्र पाकग्रंथातही पदार्थांच्या जोडीने सुगंध आणि औषधे आहेत. अर्थात तुळशीच्या काढ्याने घशाला बरे वाटते म्हणून डॉक्टरांकडे जाणे टाळावे, असे आम्ही सुचवीत नाही. झाडाचा उपयोग ओळखावा आणि त्याची मर्यादाही ओळखावी.

येथे व्यवहारी गृहस्थ विचारतील, ‘बाजारात मेथीची जुडी स्वस्तात मिळते, मग हा खटाटोप कशासाठी?’ त्यांना आमचे सांगणे असे, की दोन वाफ्यांच्या बागेने घरखर्चात फारसा फरक पडत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पैशांची बचत हे परसबागेचे कारण म्हणून पुढे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्याने एक जुडी मेथी पेरून, पाणी घालून, पक्ष्यांपासून राखून, खुडली आहे, तो ताटातली मेथी टाकीत नाही, आणि भाजीवालीशी एका रुपयासाठी घासाघीस करताना त्याचा आवाज थोडा खाली येतो. बाजारभाव कळणे हे एक ज्ञान. वस्तूमागचे श्रम कळणे हे दुसरे. शाळेच्या पुस्तकांतून पहिले मिळते. दुसरे मिळण्यास माती लागते.

पालक म्हणतील, ‘मुलांचा अभ्यास बुडेल.’ दिवसाची पंधरा मिनिटे दिल्याने अभ्यास बुडत असेल, तर तो आधीच पाण्यात आहे असे समजावे. मात्र ही पंधरा मिनिटे मुलांनीच दिली पाहिजेत. आणि केवळ मुलींनी नव्हे. पूर्वीचे परस घरातील आजी, आई आणि सून ह्यांच्या कष्टांवर उभे होते. पुरुषमंडळींचा संबंध बहुधा ताटात भाजी आल्यावर येई. ते परस जसेच्या तसे परत यावे, अशी आमची इच्छा नाही. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते, तेव्हा संस्थानच्या बागांची देखरेखही त्यांच्याकडे होती. राजवाड्याच्या बागेला चिटणीस लागतो आणि माळी लागतात. परसबागेला घरातली माणसे पुरतात. परंतु ती सगळी लागतात. घरातील एकीच्याच डोक्यावर हे काम पडणार असेल, तर बाग न केलेलीच बरी.

आणखी एक लाभ मराठी घरांसाठी म्हणून सांगावासा वाटतो. अठराव्या शतकात पवारांबरोबर येथे आलेल्या घराण्यांनी तीनशे वर्षांच्या आसपास आपली भाषा राखली. आज त्या घरांतील मुलाला बाजारातली ‘गिलकी’ ठाऊक असते. ‘घोसाळे’ हा शब्द मात्र आजीबरोबर चालला आहे. गिलकी हा शब्द वाईट नव्हे. तो येथल्या मातीचा आहे आणि मुलाला तो आलाच पाहिजे. पण वेल मांडवावर चढविताना आजी आणि नातू जवळ उभे असले, तर दोन्ही शब्द एकाच फळाला लागतात. बथुआ आणि चाकवत, ककोडा आणि कर्टोली, ह्या जोड्या अशाच जुळतात. शब्दकोशातून हे शब्द पाठ करून घेता येतील. पण ते वापरण्याची गरज पडली, तरच ते जगतील.

२०१९ साली केंद्र शासनाने शाळांतून पोषण-बागा करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. हेतू उत्तम आहे. आमची त्यात एवढीच भर, की कोणत्याही शाळेने बाग करताना नवी कूपनलिका खणू नये; मुलांचे हात धुतलेले साधे पाणी आणि माध्यान्ह भोजनाच्या भाज्यांची साले ह्यांवर जेवढी बाग निघेल तेवढीच काढावी. आणि वर्षाअखेर बक्षीस द्यावयाचेच झाले, तर ते सर्वांत मोठ्या भोपळ्याला देऊ नये. ज्या मुलाने किंवा मुलीने वहीत रोजचे पाणी मोजून लिहिले असेल, किती परत दिले आणि किती उगवले ह्याचा ताळा मांडला असेल, आणि एखादे रोप का मेले हेही प्रामाणिकपणे नोंदविले असेल, त्या वहीला ते द्यावे.

ज्या गावाने रेल्वेतून उतरलेले पाणी पाहिले, त्या गावातील मुलांना पाण्याची किंमत भाषणांतून शिकवावी लागू नये. त्यांच्या हाती एक बादली, एक खुरपे आणि मूठभर मेथीदाणे द्यावेत. कार्तिक लागला, की पेरणी करावी.